अकरा–शून्य, पण वॉकओव्हर नाही

आम्ही एकदा अकरा–शून्य हरलो होतो. हे मी कुणाच्या कानात सांगत नाही, चारचौघांत सांगतो. ऐकणारा हसतो. हसू दे. काही जण तर विचारतात, अरे, क्रिकेटचा स्कोअर आहे का हा? त्यांनाही हसू दे. माझ्या आयुष्यात मी ज्या दोन-चार गोष्टींबद्दल मान ताठ ठेवून बोलू शकतो, त्यात ही मॅच आहे आणि ती मी लपवणार नाही.

पण त्यासाठी आधी ती लीग समजून घ्यावी लागेल.

ऐंशीच्या दशकात शहराच्या फुटबॉल लीगचं घर चाळीसारखं होतं. ती सुरू झाली साहेबाच्या काळात, तेव्हा गोऱ्या पलटणी आणि परदेशी कंपन्यांचे संघ खेळायचे. साहेब गेला, पलटणी गेल्या, त्यांच्या जागा मिल, बँका आणि सरकारी खात्यांनी घेतल्या. सगळ्यात वरचा मजला त्यांचा. त्यांच्या खेळाडूंना खेळावरच नोकरी मिळालेली, मॅच असली की अर्धा दिवस भरपगारी सुट्टी, जर्सी ऑफिसची, बूट ऑफिसचे. त्याखाली पहिली डिव्हिजन, मग दुसरी, मग तिसरी. दर मोसमात वरचे दोन संघ एक मजला चढायचे, तळाचे दोन उतरायचे. तिसरीच्या खाली मात्र मजला नव्हता, रस्ता होता. रस्त्यावर नवे क्लब रांग लावून उभे असायचे. त्यांनी आपसांत खेळायचं, जिंकेल त्याला आत घ्यायचं. आम्ही दोन पावसाळे त्या रस्त्यावर काढले आणि तिसऱ्या पावसाळ्यात आत शिरलो. छापील वेळापत्रकात आमच्या क्लबचं नाव पहिल्यांदा आलं, तेव्हा तो कागद आमच्या सेक्रेटरीने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून महिनाभर खिशात बाळगला होता. दिसेल त्याला दाखवायचा, चहावाल्यालासुद्धा.

मोसम पावसाळ्याचा. सगळ्या मॅचेस शहरात, तिकडे दक्षिणेला. क्लब अंधेरीचा असो, बोरिवलीचा असो, मुलुंड-घाटकोपरचा असो, यायचं तिथेच, आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी चार वाजता. शहरातल्या एखाद्या संघाने एकदा तरी मुलुंडला येऊन खेळावं, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. बँकेच्या माणसाला चार म्हणजे काय, ऑफिसातून चालत यायचं. आमची पोरं मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर, प्रेसवर उभी. साडेतीनला शिफ्ट सुटणार, मग चारला मैदानात कसं उगवायचं, सांगा.

म्हणून उपनगरातले क्लब हरून बाहेर पडायचे नाहीत, वॉकओव्हरने बाहेर पडायचे. नियम साधा होता. मैदानात कमीत कमी सात खेळाडू पाहिजेत. सात नसले तर रेफरी पंधरा मिनिटं थांबणार, मग शिटी मारून समोरच्या संघाला विजयी म्हणणार. याचं नाव वॉकओव्हर. खेळ चालू असताना सातातला एकजण जरी कमी झाला, तरी मॅच तिथेच बंद आणि तोही वॉकओव्हरच. आणि एका मोसमात दोन वॉकओव्हर दिले की लीगमधून नाव कट. परत रस्त्यावर, परत रांगेत. लीगच्या ऑफिसात एक म्हणच पडली होती, उपनगरवाले एका पावसाळ्याचे. आम्ही ती आमच्या कानांनी ऐकली होती आणि ती आम्हाला फार झोंबली होती.

आता आमचा क्लब. कोकणातली माणसं आणि फुटबॉल, हे कुठून आलं? आमच्याकडे कबड्डी, झालंच तर टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉल आम्हाला मरोळच्या गावठाणातल्या दोन ख्रिस्ती भावांनी लावला. ते आमच्याच कारखान्यात वेल्डर. जेवणाच्या सुट्टीत वसाहतीच्या मागच्या मैदानात बॉल घेऊन यायचे. आम्ही आधी बघत बसलो, मग बॉल लांब गेला की आणून द्यायला लागलो, मग देईनासे झालो. वर्षभरात पंचवीस जण जमले आणि त्यातले जवळजवळ सगळे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे. मी टर्नर होतो, खेळात बॅक. पळण्यात फारसा दम नव्हता, पण कुणी अंगावर आला तर बाजूला होत नसे.

सेक्रेटरी म्हणजे एका कारखान्याचा स्टोअरकीपर. चाळिशीचा, पोट सुटलेला, मालवणकडचा. त्याला सगळे सेक्रेटरीच म्हणायचे, त्याची बायकोसुद्धा. दरवर्षी खेळाडूंच्या यादीत तो सर्वांत खाली आपलं नाव घालायचा. कशाला रे, म्हटलं तर म्हणायचा, 'असू दे. वेळ काय सांगून येते?' त्यावर आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो.

लीगमधल्या त्या पहिल्याच मोसमात, ऑगस्टच्या सुरुवातीला, आमचा पहिला वॉकओव्हर झाला. सहाजण पोचलो. बाकीच्यांना गेटपास मिळाला नाही, सुपरवायझरने अडवून धरलं. रेफरी घड्याळ बघत होता, आम्ही गेटकडे बघत होतो. कोणी आलं नाही. समोरचा संघ पायातले बूट न काढताच परत गेला. त्यांच्यातला एक जाता जाता म्हणाला, 'टाइम वेस्ट, यार.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलायला तोंड कुठे होतं? सहाच होतो ना.

आता एक चूक झाली की खेळ खलास. आणि पुढे गणपती होते. आमच्या संघाला गणपतीत मॅच म्हणजे मरणच. कोकणातला माणूस एक वेळ स्वतःच्या लग्नाला उशिरा जाईल, पण चतुर्थीला घरी नाही असं होत नाही. मागच्या वर्षी गणपती ऑगस्टच्या शेवटाला झाले होते. तेव्हा सेक्रेटरी शहाणपणाने आधीच लीगच्या ऑफिसात गेला, गणपतीच्या सुमाराची आमची मॅच पुढे ढकलून मागायला. क्लब एका मोसमात एकदाच तारीख बदलून मागू शकत असे.

रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याने सोबत डबा नेला. त्या वर्षी अधिक महिना आलेला, श्रावण दोनदा. अधिकात जावयाला तेहतीस अनारसे द्यायची पद्धत. सेक्रेटरीच्या सासूने बोरिवलीहून ते पाठवलेले. त्यातले मूठभर अनारसे त्याने क्लार्कच्या टेबलावर ठेवले. क्लार्क खूश. म्हणाला, 'बोलो, कौनसी तारीख?' सेक्रेटरी म्हणाला, गणपतीच्या नंतरची द्या. कोणती ते सांगा, क्लार्क म्हणाला. सेक्रेटरीने मागच्या वर्षीचा हिशेब डोक्यात ठेवून सांगून टाकली, सप्टेंबरचा तिसरा आठवडा. तोवर सगळे गावाहून परत, ताजेतवाने. तारीख पक्की झाली. सेक्रेटरी मैदानावर येऊन आम्हाला म्हणाला, 'काम झकास झालं.' आम्ही त्याला चहा पाजला.

ज्याने अधिक महिन्याचे अनारसे स्वतः खाल्ले आणि लीगच्या क्लार्कला खाऊ घातले, त्याच्या लक्षात आलं नाही की अधिक महिना आला म्हणजे गणपती महिनाभर पुढे जातात. आणि आमच्यातले वीसेकजण, हिंदू, कोकणातले, आमच्याही लक्षात आलं नाही. मोठे आलो होतो धर्मकर्म पाळणारे.

उलगडा झाला तो गावच्या बसमुळे. मी आणि सेक्रेटरी राहायचो त्या अंधेरीच्या वाडीतली माणसं मिळून दरवर्षी एक एसटी ठरवायची. जागा सांगायला गेलो तर निघायचा दिवस ऐकून मला काहीतरी खटकलं. घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. चतुर्थी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. आमची मॅच तिच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला.

तसाच सेक्रेटरीच्या घरी गेलो. कॅलेंडर बरोबरच नेलं होतं. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला, मग मागचं पान उलटलं, मग पुढचं, जणू मधे कुठेतरी दुसरी चतुर्थी सापडणार होती. म्हणाला, 'गेल्या वर्षी तर ऑगस्टात होते रे.' त्याची बायको आतून म्हणाली, 'आणि अनारसे कसले खाल्लेत?' सेक्रेटरी मटकन खाली बसला. माणूस किती खचला होता ते सांगून कळणार नाही. तो दोन वर्षं कामावरून सुटला की या टेबलावरून त्या टेबलावर हेलपाटे घालत होता, तेव्हा आमचं नाव त्या लीगमध्ये लागलं होतं. आणि आता त्याच्याच हाताने ते पुसलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लीगच्या ऑफिसात गेलो. क्लार्क वाईट माणूस नव्हता. म्हणाला, तुम्हीच मागितलीत, तुम्हाला दिली, परत बदलता येत नाही. त्यात त्याचं काय चुकलं? नियम तो नियम. बाहेर पडताना कुणीतरी मागून बोललं, 'उपनगरवाले एका पावसाळ्याचे.' मी वळलो होतो, सेक्रेटरीने माझी कॉलर धरून मला पायऱ्या उतरवल्या.

कँटीनमागच्या पत्र्याखाली सगळ्यांची बैठक झाली. कॅप्टनने सरळ सांगितलं, यंदा घरच्या गणपतीची पाळी त्याची आहे, भावकी वाट बघतेय, तो थांबणार नाही. त्याला कोण काय बोलणार? गणपतीला गावी जाऊ नको, असं कोकणातल्या माणसाला सांगायची कुणाची टाप आहे? एकेकाने मान खाली घातली. कॅप्टन म्हणाला, 'देऊन टाकू वॉकओव्हर. पुढच्या वर्षी परत रांगेत उभे राहू.'

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, 'मी नाही देत.' माझ्या एकट्याच्या हातात काही असल्यासारखा बोललो. कॅप्टन म्हणाला, अरे, एकटा खेळणार का? मी म्हटलं, सात लागतात ना, मोजा. मग मोजलं. दोघे ख्रिस्ती भाऊ होतेच. आमचा गोलकीपर विलेपार्ल्याचा, देशस्थाचा मुलगा, त्यांचं गावबिव सगळं पार्ल्यातच. त्याच्या घरी दीड दिवसाचा गणपती आणि त्याचं विसर्जन नेमकं त्याच संध्याकाळी. तो म्हणाला, 'दुपारची आरती झाली की निघतो, विसर्जनाला परत पोचतो. बाबा ओरडतील, ओरडू देत.' एक मल्याळी फिटर होता. एक अंधेरीच्या बेकरीत भट्टीवर काम करणारा मुसलमान मित्र होता, विंगला खेळायचा. आणि मी. सहा. परत सहा.

मग सेक्रेटरी म्हणाला, 'यादीत शेवटचं नाव कोणाचं आहे, वाचा.' या वेळी कुणीही हसलं नाही.

घरी सांगायचं होतं, ते खरं कठीण होतं. माझे वडील परळच्या एका मिलमध्ये साचेखात्यात, मागावर होते. मोठा संप झाला तेव्हा ते रोज अंधेरीहून जाऊन गेटवर उभे राहायचे. तो संप मिटला नाही आणि कुणी मागेही घेतला नाही. 'संपला, आता घरी जा' असं कुणी येऊन सांगितलंच नाही. एकेक जण कमी होत गेला. कुणी कायमचा गावी गेला, कुणी भाजीची गाडी लावली. आमचे वडील मरोळला एका कारखान्यात वॉचमन झाले. घरात त्यावर बोलणं होत नसे. विषय निघाला की ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

मी सांगितलं की यंदा मी गावी येत नाही, मॅच आहे. आई भाकरी थापत होती. ती थांबली. 'चवतीक झील घरात नाय? आणि लोकांका काय सांगू, चेंडू खेळता म्हणान?' ती रडायलाच लागली. मी तयारी करून बसलो होतो, वडील आता माझी सालटी काढणार. त्यांनी विचारलं, 'नाय गेलास तर काय जाता?' मी सांगितलं, सात लागतात, सात नसले तर नाव कट. ते आईकडे वळून म्हणाले, 'रवांदे तेका. गणपतीचा मी बघतंय.' एवढंच. का ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वाडी रिकामी झाली. सेक्रेटरीची बायको मुलांना घेऊन एसटीत चढताना त्याला म्हणाली, 'आता मोदक तुमच्या त्या क्लार्ककडेच जाऊन खा.' बस गेली आणि आम्ही दोघे दोन्ही बाजूंनी कुलपं लागलेल्या घरांमधून परत आलो. चतुर्थीला मी आयुष्यात पहिल्यांदा खानावळीत जेवलो. वाईट वाटलं का? वाटलं. पण जिद्दही तेवढीच होती.

ऋषिपंचमीला आम्ही सगळे रजा टाकून दुपारीच मैदानावर हजर. गोलकीपर सर्वांत शेवटी आला, कपाळाला गंध, हातात डबा. आदल्या दिवशीचे मोदक. त्याच्या आईने दिले होते. म्हणाली म्हणे, उपाशी खेळू नका. समोरचा संघ एका मोठ्या ऑफिसचा होता. ते अकरा आणि बाकावर आणखी पाच. आम्हाला मैदानात उभे राहिलेले बघून ते आधी उरलेल्या चौघांची वाट बघत होते. रेफरीने मोजलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, 'सात आहेत. चालू करू.' त्यांच्या मॅनेजरच्या हातात छत्री होती. तो मला म्हणाला, 'अहो, कशाला त्रास? लिहून द्या आणि सुटा. आम्हीही घरी जातो, सणाचे दिवस आहेत.' मी म्हटलं, 'तुम्ही जा घरी. आम्ही तुमचा वॉकओव्हर घेऊ.' तो छत्री सावरत आपल्या बाकाकडे गेला.

काय खेळलो ते विचारू नका. चिखल घोट्यापर्यंत. पुढे कुणी नाहीच, सगळे मागे. बॉल आला की जितका लांब मारता येईल तितका मारायचा, रस्त्यापलीकडे गेला तर फारच उत्तम, आणेपर्यंत श्वास तरी घेता येतो. सेक्रेटरीच्या अंगात त्याच्या तरुणपणाची जर्सी, बेंबीपर्यंतच पोचत होती. त्याला सांगून ठेवलं होतं, तू फक्त उभा राहा, पळू नको. पण उभा राहील तर तो सेक्रेटरी कसला. पहिल्याच मिनिटाला बॉलमागे धावला आणि पालथा पडला. त्यांचे लोक पोट धरून हसले. हाफटाइमला सहा गोल झाले होते. आम्ही चिखलात बसून मोदक खाल्ले. बेकरीवाला म्हणाला, 'यार, इसमें अंदर क्या डाला है, बहुत मस्त है.' त्या सबंध दिवसात आम्ही हसलो ते तेवढंच.

दुसऱ्या अर्ध्यात त्यांना कंटाळा आला आणि कंटाळलेला माणूस आडदांड होतो. धाकट्या भावाच्या भुवईवर कोपर बसलं, डोळ्यावरून रक्त वाहायला लागलं. थोरला त्याला म्हणाला, 'बाहेर जायचं नाही हां.' धाकट्याने जर्सीची बाही फाडून डोक्याला बांधली. मला दोन वेळा पाडलं. दोन्ही वेळा मी उठायच्या आधी माझीच माणसं मला उठवायला धावून आली, प्रेमाने नव्हे, हिशेबाने. सातातला एक जमिनीवर राहिला तर?

आणि मग शेवटाकडे सेक्रेटरी बसला. पोटरीत गोळा. बसला तो आडवाच झाला, पाय धरून कळवळायला लागला. दहा गोल झाले होते. रेफरी आला. म्हणाला, 'उठता की बाहेर जाता?' त्यांचा मॅनेजर छत्री मिटवून तयारीतच होता. बाहेर म्हणजे सहा. सहा म्हणजे वॉकओव्हर. एवढा मार खाऊनही कागदावर लिहिणार, आलेच नाहीत.

मी त्याच्या कानाशी वाकलो. म्हटलं, 'सेक्रेटरी, उठ.' तो म्हणाला, 'पाय माझो नाय रे ह्यो.' मी म्हटलं, 'अनारसे खाताना तोंड तुझंच होतं ना?' त्याने माझ्याकडे असं बघितलं की पाय चालू असता तर मला लाथ घातली असती. मग त्याने हात वर केला. मी एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने, खोटं कशाला बोलू, त्यांच्याच एका खेळाडूने. 'उठो काका,' म्हणाला. आम्ही सेक्रेटरीला नेऊन आमच्या गोलपोस्टला टेकवून उभा केला. त्याने दोन्ही हातांनी पोस्टला मिठी मारली. रेफरीने विचारलं, 'खेळणार?' सेक्रेटरी म्हणाला, 'खेळतोय की.'

त्यानंतर एक बॉल त्याच्या पोटावर आपटून परत गेला. आमच्या क्लबच्या इतिहासात सेक्रेटरीने वाचवलेला तो एकमेव गोल. पुढचा, अकरावा, त्याच्या दोन पायांमधून गेला. त्याने मागे वळूनही बघितलं नाही, पोस्ट सोडला असता तर पडला असता.

मग शिटी वाजली. लांब, शेवटची. आम्ही कुणी उड्या मारल्या नाहीत, तेवढं त्राण नव्हतं. रेफरीने कागद पुढे केला. कॅप्टन गावी होता म्हणून त्याच्या जागी मी सही केली. त्यांच्या नावापुढे अकरा, आमच्या नावापुढे शून्य. ते शून्य मी नीट बघून घेतलं. वॉकओव्हर असा शब्द कुठे नव्हता. आम्ही आलो होतो, आम्ही खेळलो होतो आणि आम्ही हरलो होतो, हे आता लीगला लिहून ठेवणं भाग होतं.

गोलकीपर कपडे न बदलता स्टेशनकडे पळाला. दुसऱ्या दिवशी सांगत होता, घरी पोचला तेव्हा मूर्ती दारात पाटावर ठेवलेली होती आणि बाबा येरझारा घालत होते. चिखलाने माखलेल्या त्याच्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, 'आधी पाय धू.' मग सगळे निघाले.

पोरं गावाहून परतली, उरलेल्या मॅचेस खेळलो, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये टिकलो. पुढे कधी दुसरीत गेलो नाही, ते आमच्या नशिबात नव्हतं म्हणा किंवा पायात नव्हतं म्हणा. पण आमचं नाव कुणी कापलं नाही. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक ठरायच्या वेळी सेक्रेटरी लीगच्या ऑफिसात कॅलेंडर काखेत मारून गेला. क्लार्कने विचारलं, 'अनारसे?' सेक्रेटरीने कॅलेंडर उघडून त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, 'यंदा अधिक नाही.'

त्या वर्षी आईवडील गौरी गेल्यावर परत आले. दोघांच्या डोक्यावर नारळांची पोती, आई अजून माझ्याशी बोलत नव्हती. वडिलांनी पोतं उतरवलं, पाणी प्यायले, माझ्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघितलं.

'जिकलास?'

'हरलो. अकरा–शून्य.'

आईने कपाळावर हात मारला. वडिलांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

'सात जण होतास शेवटाक?'

'होतो.'

'शिटी वाजली?'

'वाजली,' मी म्हटलं.

ते मान हलवत राहिले. मग गमछ्याने तोंड पुसलं आणि ओट्याकडे जायला उठले. दारात थांबून, पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाले, 'बरा झाला. आमची अजून वाजाक नाय.'